‘कसं आहे हो ते हॉटेल?’

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला घरांच्या किमतींचा. दुसरा, "त्या प्लाझात नवीन हॉटेल उघडलंय ना, कसं आहे हो ते?" पहिल्या प्रश्नाची चर्चा आमटी वाढून होईपर्यंत चालते. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात संपते: "ठीक आहे, पण तिखट नाही आणि व्हेजमध्ये काही नाही." फार तर "क्वांटिटी चांगली देतात" किंवा "पार्किंगची बोंब आहे" एवढी पुरवणी.

गेली वीस वर्षे मी ही परीक्षणे ऐकतो आहे आणि खरे सांगायचे तर त्यांतली निम्मी मी स्वतःच केलेली आहेत. नाटकावर आपण मंडळी मध्यंतरापासून गाडीत बसेपर्यंत भांडतो. दिग्दर्शकाला काय म्हणायचे होते, नटीने तो विराम बरोबर घेतला की नाही, याची चिरफाड करतो. मग ज्या हॉटेलांत आपण महिन्यातून चार-चार वेळा पोरेबाळे घेऊन जातो, त्यांच्या बाबतीत आपली रसिकता मिरचीपाशीच का अडते? माझा पिंड इंजिनिअरचा, डॉक्टरेट केली तीही यंत्रांच्या कंपनांवर, आणि पोट भरते सॉफ्टवेअरवर. साहित्याच्या समीक्षेत मी पडणार नाही. पण फोच्या वाडग्याबद्दल दोन शब्द बोलण्याइतका अनुभव, विशेषतः चुकांचा, माझ्या गाठीशी आहे.

आम्ही राहतो ते मिल्पिटास आणि सॅन होजे यांच्या सीमेवर. इथला प्रत्येक प्लाझा एका साच्यातून काढल्यासारखा: मध्ये पार्किंग, कडेने दंतवैद्य, टॅक्सवाला, नखे रंगवण्याचे दुकान, एक व्हिएतनामी हॉटेल, एक चिनी, एखादे कोरियन, आणि कोपऱ्यावर रात्री अकरापर्यंत दिवे जळणारे बोबाचे दुकान. सॅन होजे शहरात एक लाखाहून अधिक व्हिएतनामी लोक राहतात; व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात एवढी वस्ती नाही. म्हणजे अस्सल गोष्ट आपल्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, आणि आपण तिथे जाऊन विचारतो, "चिली सॉस आहे का?"

याचे एक कारण आपण इथे येतानाच बरोबर आणलेले असते. ‘चायनीज’ नावाची गोष्ट आपल्या पिढीने दादर, ठाणे, डेक्कन इथल्या गाड्यांवर शिकली. तिचा मानबिंदू मांचुरियन. तो मांचुरियात नव्हे, मुंबईत जन्मला; १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी तो केला असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर, अशी त्यांनी सांगितलेली हकिकत आहे. पदार्थ झकास आहे, मी आजही आवडीने खातो. पण पुरणपोळी चाखून कुणी "यात पेपरोनी नाही" म्हणावे, तसे आपण फुजियान किंवा तैवानच्या माणसाने केलेल्या साध्या वाफवलेल्या माशाकडे पाहून "यात चव नाही" म्हणतो.

दुसरे कारण भीतीचे, आणि तिचे नाव अजिनोमोटो. सुशिक्षित माणसे, त्यांत डॉक्टरसुद्धा आले, "चायनीज खाल्लं की डोकं धरतं" असे ठामपणे सांगतात. हे प्रकरण सुरू झाले १९६८ साली, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका पत्रापासून. पत्र म्हणजे प्रयोग नव्हे. पुढे जेव्हा खाणाऱ्याला आणि वाढणाऱ्यालाही वाटीत काय आहे हे न कळू देता चाचण्या झाल्या, तेव्हा हे डोके धरणे भरवशाने काही दिसेना. मूळ ग्लुटामेट १९०८ साली जपानच्या इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळे काढले. तेच पिकलेल्या टोमॅटोत असते, तेच पार्मेसान चीजमध्ये. पिझ्झा खाऊन आपले डोके कधी धरत नाही, हे मोठे नवल आहे!

आता माझी स्वतःची फजिती. पीएचडी संपवून इथे आलो तेव्हा मी कट्टर शाकाहारी होतो, आजही बहुतांशी आहे. घराजवळच्या एका व्हिएतनामी हॉटेलात (ते आता नाही, नावही सांगत नाही) मी रीतसर विचारले, "नो मीट?" मालकीणबाई म्हणाल्या, "नो मीट." वाडगा आला. वर टोफू, मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची हिरवी पाने, लिंबाची फोड. मी अर्धा संपवला आणि तळाशी हाडाचा एक बारीक तुकडा दाताखाली आला. मी असा काही तमाशा केला की आज आठवले तरी लाज वाटते. त्या बाईंना माझे रागावणे कळत होते, पण कारण कळत नव्हते. त्यांनी मांस काढून टाकले होते, अगदी प्रामाणिकपणे. रस मात्र हाडांचाच होता, कारण फोचा रस हाडे सहा, आठ, बारा तास मंद आचेवर उकळून केला जातो, आणि त्यांच्या लेखी ते ‘मीट’ नव्हते, पाणी होते. घरी येऊन मी मंडळाच्या निम्म्या लोकांना फोन करून "तिथे जाऊ नका, फसवतात" असे सांगितले. ते परीक्षण किती लांब पोचले कोण जाणे.

खरा प्रश्न काय विचारायचा हे मला पुढे किती तरी वर्षांनी कळले. तो शब्द आहे ‘चाय’. उच्चार आपल्या चहासारखाच, त्यामुळे पहिल्यांदा मागितला तेव्हा माझ्यापुढे किटली येते की काय अशी धास्ती होती. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचे निरामिष अन्न: मांस नाही, हाडांचा रस नाही, मासळीचे ते प्रसिद्ध सॉसही नाही. अनेक व्हिएतनामी घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, चाय खातात. वर्षभर मांसमच्छी खाणारी माणसे त्या दोन दिवशी हॉटेलातही चाय मागतात, म्हणून साध्यासुध्या दुकानांतही त्या दिवशी भिंतीवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला दिसतो. तो इंग्रजी मेनूत नसतो. आपण "व्हेजमध्ये काही नाही" म्हणत होतो, ते मेनूच्या इंग्रजी बाजूबद्दल.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, आईमुळे कळली. १५ ऑगस्ट २०१९, नारळी पौर्णिमा. आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिचा चातुर्मास चालू होता: कांदा-लसूण बंद. घरी पाहुणे येऊन गेलेले, बायको दमलेली, आणि मी नारळीभाताची जबाबदारी टाळण्यासाठी म्हटले, चला, समोरच्या व्हिएतनामी हॉटेलात निदान फळांचा रस मिळेल. हे दुसरे हॉटेल, एका साठीच्या जोडप्याने चालवलेले. आत भिंतीवर तो कागद होता. आई मला म्हणाली, "विचार त्यांना, कांदा-लसूण आहे का." मी संकोचलो, एवढे बारकावे या लोकांना कशाला सांगायचे? तरी विचारले. बाई हसल्या. "नो ऑनियन, नो गार्लिक. टुडे टेंपल डे."

आईचा विश्वास बसेना. खरे तर यात आश्चर्य काही नाही. चिनी बौद्ध परंपरेत पाच उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य मानले आहेत. त्यांत लसूण आणि कांद्याची भावंडे आहेत आणि जुन्या याद्यांत चक्क हिंगाचेही नाव येते. म्हणजे सोवळ्याच्या बाबतीत ही मंडळी आपल्याही एक पाऊल पुढे, आमटीची फोडणीसुद्धा बाद! वाडगा आला. मुळा, गाजर, अळंबी यांचा रस, त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा आणि धणे. आईने वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपल्या गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखा वास आहे." फोबद्दल इतके नेमके वाक्य मी कुठल्याही छापील परीक्षणात वाचलेले नाही.

त्या पौर्णिमेला त्यांच्यात ‘वू लान’ म्हणतात. आईवडिलांची आठवण करण्याचा दिवस. ज्याची आई हयात आहे त्याने लाल गुलाब लावायचा, जिची गेली तिने पांढरा. थिच न्हात हान्ह या भिक्षूंनी १९६२ साली लिहिलेल्या एका लेखापासून ही रीत रूढ झाली. बाईंच्या ब्लाऊजवर पांढरा गुलाब होता. गल्ल्याजवळच्या पेल्यात देवळातून आणलेली चार-पाच फुले होती, त्यांतले एक लाल त्यांनी उचलून माझ्या शर्टाच्या खिशात खोचले, आणि आईकडे बोट दाखवले. आईला काही सांगावे लागले नाही.

आता जरा चवीच्या निकषांकडे वळू, नाही तर लेख भाबडा होईल, आणि सगळीच छोटी हॉटेले थोर असतात असा गैरसमजही होईल. तसे मुळीच नाही. ज्या मेनूवर दोनशे पदार्थ आहेत, फो आहे, पॅड थाय आहे, ऑरेंज चिकन आहे आणि शिवाय सुशी आहे, तिथून मी आताशा उलट्या पावली परततो. चांगल्या दुकानाचा मेनू तोकडा असतो. फोच्या रसाची परीक्षा वर काही न घालता, पहिल्या घोटातच करावी. तो नितळ हवा. गढूळ असेल तर तो खळखळून उकळला गेला आहे, मंद आचेवर ठेवलेला नाही. मसाल्याचा वास यावा, पण एकही मसाला पुढे येऊन भाषण करू नये. भाजलेला कांदा आणि आले (चाय नसेल तेव्हा) यांचा किंचित जळका गोडवा मागे राहावा. तिखट आणि गोड सॉसच्या बाटल्या टेबलावर असतात त्या तुमच्या सोयीसाठी. आल्या आल्या वाडग्यात पिळल्या की तुम्ही आचाऱ्याचे बारा तास एका झटक्यात पुसले. आमच्याकडे एक सद्गृहस्थ वाडगा समोर येण्याआधीच बाटली उघडून बसतात. त्यांना मी काही म्हणत नाही, ते माझे मेव्हणे आहेत.

अशा प्लाझातल्या हॉटेलांवर गंभीरपणे लिहिता येते हे लॉस एंजेलिसच्या जोनाथन गोल्ड यांनी दाखवले. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलांइतकेच टॅको आणि नूडल्सच्या दुकानांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले आणि २००७ साली पुलित्झर मिळवले. हॉटेलांच्या समीक्षेला मिळालेले ते पहिलेच. आपल्या पिढीला ते आदर्श म्हणून पुरेत.

गोडाच्या दुकानांत तर आपले अज्ञान अधिकच गोड आहे. तैवानी बर्फाच्या थाळीवर लाल घेवड्यासारखे दाणे पाहून आपली मंडळी किंचाळतात, "अरे, स्वीटमध्ये राजमा!" तो राजमा नव्हे, तो अझुकी, मुगाच्या कुळातला. आणि हे कोण बोलते? जे हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून, पुरणयंत्रातून काढून पोळीत भरतात ते! व्हिएतनामी ‘चे’ नावाचा प्रकार घ्या: पिकली केळी, नारळाचे दूध आणि साबुदाणा. आपले शिकरण आणि साबुदाण्याची खीर यांचे लग्न लावले तर हीच संतती होईल. हाँगकाँगच्या दुकानांतले आंबा-पोमेलो-साबुदाणा हे मिश्रणही असेच, ते मात्र जुने पारंपरिक नाही, १९८० च्या दशकातले आहे.

आणि बोबा. ते काळे मोती म्हणजे साबुदाणाच, फक्त आठेक मिलिमीटर व्यासाचा आणि काळ्या साखरेत मुरलेला. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूत सेलमकडे बनतो, त्याच कंदाचा स्टार्च. तैवानमध्ये हे पेय कोणी आधी केले यावरून ताइचुंग आणि ताइनान इथल्या दोन चहाच्या दुकानांत दहा वर्षे कोर्टकचेरी चालली. २०१९ साली कोर्टाने सांगितले की हे पेय कुणीही करू शकतो, तेव्हा हा वाद सोडवण्याची गरजच नाही. (पुण्यात मिसळीचा असा खटला अजून कसा उभा राहिला नाही?) बोबाची परीक्षा मोत्यात आहे, दुधात किंवा पेल्यावरच्या चित्रात नाही. दाणा बाहेरून मऊ, आत किंचित प्रतिकार करणारा आणि दाबला की परत उसळणारा हवा. तैवानी लोक याला ‘क्यूक्यू’ म्हणतात. मराठीत याला शब्द नाही, पण जमलेल्या खिचडीतला मोकळा साबुदाणा खाल्लेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. शिजवून चारेक तासांत तो दाणा उतरतो: स्टार्च निवला की त्याचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात आणि मध्यभागी पिठूळ खडा तयार होतो. दुपारी तीनला उत्तम असलेले दुकान रात्री दहाला वाईट असू शकते. तेव्हा एकदा जाऊन निकाल देणे हे साबुदाण्याच्या बाबतीत तरी अशास्त्रीय आहे.

हे सगळे मला कसे ठाऊक? माझी लेक दोन उन्हाळे अशा दुकानात कामाला होती. हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत. "डॉक्टरेट झालेल्याची पोरगी दुकानात ग्लास भरते?" हे मला तोंडावर कुणी म्हटले नाही, पण आडून बरेच म्हणून झाले. तिच्या दुकानात आपल्या मंडळाची माणसे यायची आणि तिला ओळखायची नाहीत, कारण टोपी आणि ॲप्रन घातलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण पाहत नाही. एक पेला आणि चार स्ट्रॉ. "साखर शून्य टक्के, मग पैसे कमी का नाही?" टिपचा आकडा स्क्रीनवर आला की होणारी मराठीतली चर्चा, समोरच्याला कळत नाही या खात्रीने. एकदा तर एक काकू तिच्यासमोरच म्हणाल्या, "हे लोक सगळ्यात पाणी घालतात." लेकीने हसून पेला दिला आणि घरी येऊन मला विचारले, "बाबा, हे लोक म्हणजे कोण? मीच होते तिथे." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला त्या जुन्या फोच्या हॉटेलातली माझी हकिकत सांगितली, प्रथमच. ती म्हणाली, "तुम्ही परत जाऊन सॉरी म्हणालात का?" नव्हतो म्हणालो.

‘स्वस्त आणि मस्त’ हा आपला लाडका निकष घेऊन मी मग पुन्हा विचार केला. इटालियन हॉटेलात मैदा आणि टोमॅटोचे पंचवीस डॉलर आपण विनातक्रार देतो. बारा तास उकळलेल्या रसाचे सतरा डॉलर झाले की "आताशा महाग केलंय" म्हणतो. हा वाडगा इतकी वर्षे स्वस्त कसा राहिला? साठीच्या त्या जोडप्याची कथा मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडले, त्यानंतर काही वर्षांनी होडीतून निघालेली ही माणसे. आपण आलो ते विमानाने, ॲडमिशनचे पत्र खिशात घेऊन. बाईंनी इथे आल्यावर आधी सर्किट बोर्ड डागण्याचे काम केले. या खोऱ्यातल्या कारखान्यांत तेव्हा व्हिएतनामी बायका मोठ्या संख्येने हेच काम करत होत्या. मग हॉटेल. नवरा पहाटे चारला रस चढवायचा, बाई गल्ला सांभाळायच्या, मुलगा शाळेतून आला की कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ आणि मधूनमधून पाणी वाढणे. या श्रमांचा पगार कुणी कुणाला दिला नाही. तो आपल्या बिलातून वजा होत होता. तो मुलगा आज सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्याच धंद्यातला, आणि माझ्याहून चांगल्या कंपनीत.

त्यामुळे गेल्या वर्षी ते हॉटेल बंद झाले ते चालेना म्हणून नाही. शेवटच्या रविवारी दारापासून दंतवैद्यापर्यंत रांग होती. ते बंद झाले कारण ज्यासाठी उघडले होते ते काम पूर्ण झाले होते. आपल्यापैकी कुणाला पोटासाठी थालीपीठ विकावे लागले नाही. म्हणून आमच्या घरापासून दहा मिनिटांत मला व्हिएतनामी, तैवानी, कोरियन, सगळे मिळते, आणि थालीपीठ फक्त मंडळाच्या स्टॉलवर, तेही गणपतीत. याला भाग्य म्हणायचे की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

शेवटच्या दिवशी चायचा कागद भिंतीवर नव्हता. पौर्णिमा यायला अजून आठवडा होता. मी साधा टोफूचा वाडगा मागितला, तर बाई आत गेल्या आणि वीस मिनिटांनी वेगळ्या पातेल्यातला रस घेऊन आल्या. मूळ हॉटेलातल्या त्या दुसऱ्या बाईंना म्हणायचे राहून गेलेले मी यांना म्हणालो. त्यांना अर्थातच काही संदर्भ लागला नाही. "ओके, ओके," म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्या रात्री पुण्याला फोन केला. आई आता शहाऐंशीची आहे, विमानप्रवास बंद. हॉटेल बंद झाल्याचे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आता पौर्णिमेला त्यांना कोण करून घालतं?"